वाचकांचे प्रश्न : काकांचा याशिका आज कितपत कामाचा?

रत्नागिरीहून एक वाचिका लिहितात : सविनय नमस्कार. माझे काका १९७० च्या दशकात नोकरीसाठी आखातात होते. तिथून येताना त्यांनी आणलेला याशिका इलेक्ट्रो ३५ जीएसएन हा कॅमेरा त्यांच्या पश्चात आमच्याकडे आला आहे. गेली किमान वीस वर्षे तो कपाटातच होता. त्याची लेन्स निघत नाही, आणि शटरचा वेग ठरवायला कुठेही आकडे नाहीत. इथल्या एका दुकानदाराने तो हातात घेऊन सांगितले, की याचा सेल आता मिळत नाही, शोभेला ठेवा. या कॅमेऱ्याने आज खरोखर फोटो काढता येतील का, आणि येत असतील तर त्याचे गुण कोणते व दोष कोणते, हे सविस्तर सांगावे. घरातल्या माणसांचे फोटो काढावेत, एवढीच माझी इच्छा आहे.

उत्तर : आपल्या पत्रातले शेवटचे वाक्य मी आधी घेतो, कारण या कॅमेऱ्याविषयी जे काही बरेवाईट सांगायचे, ते त्याच्याकडून कोणते काम करून घ्यायचे यावर ठरते. घरातली माणसे, घरातलाच उजेड आणि दीड ते चार मीटरचे अंतर, एवढ्या मर्यादेत आपल्याला फोटो काढायचे असतील, तर काकांनी आणलेला कॅमेरा नेमका त्याच कामासाठी घडवलेला आहे. त्यामुळे तो शोभेला ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

याशिका कंपनीने इलेक्ट्रो ३५ ची पहिली आवृत्ती १९६६ मध्ये बाजारात आणली. आपल्याकडची जीएसएन १९७३ ची आहे. त्याच आवृत्तीच्या काळ्या रंगातल्या भावंडाला जीटीएन म्हणतात. दोघांची लेन्स तीच, ४५ मिलिमीटरची, चार गटांत बसवलेल्या सहा काचांची, आणि पूर्ण उघडल्यावर एफ १.७ इतका प्रकाश आत घेणारी (एफचा आकडा जितका लहान, तितकी लेन्स जास्त उघडी). लेन्स कॅमेऱ्यापासून वेगळी होत नाही, ही उणीव वाटणे साहजिक आहे. पण या कॅमेऱ्याची बहुतेक बलस्थाने त्या एका निर्णयातूनच आलेली आहेत. लेन्स कधीच काढायची नाही हे ठरले, की शटर फिल्मच्या पुढ्यात न ठेवता लेन्सच्या काचांच्या मधोमध, पातळ पोलादी पात्यांचे करून बसवता येते. रेंजफाइंडर, म्हणजे अंतर मोजून फोकस जुळवणारी यंत्रणा, त्या एकाच लेन्सशी कारखान्यात जुळवून कायमचा पक्का करता येतो. लेन्सची मागची काच फिल्मच्या अगदी जवळ नेता येते, कारण एसएलआर कॅमेऱ्यात (ज्यात आरशाच्या मदतीने थेट लेन्समधून पाहतात) मध्ये उभा असलेला आरसा इथे नसतोच. इतकी उघडी लेन्स मध्यमवर्गीय घराला परवडणाऱ्या कॅमेऱ्यात मिळाली, ती या सगळ्या काटकसरीमुळे.

आरसा नसल्याचा लाभ हाताला लगेच जाणवतो. एसएलआरमध्ये फोटो निघण्याच्या क्षणी आरसा वर आपटतो, त्याचा आवाज होतो आणि कॅमेऱ्याला बारीकसा हादरा बसतो. इथे फक्त पाती उघडून मिटतात. शेजारी बसलेल्या माणसालाही फोटो निघाल्याचे कळेलच असे नाही. त्यामुळे सेकंदाच्या तिसाव्या भागापर्यंत, आणि कोपर टेकवून श्वास रोखला तर पंधराव्या भागापर्यंत, हातात धरून स्वच्छ फोटो मिळतो. याचा अर्थ प्रत्यक्षात काय होतो ते पाहा. ४०० ए.एस.ए.चा रोल (ए.एस.ए.चा आकडा जितका मोठा, तितका कमी उजेड रोलला पुरतो), लेन्स एफ १.७ वर उघडी आणि खोलीत रात्रीचा नेहमीचा दिवा असेल, तर हा कॅमेरा साधारणपणे सेकंदाच्या तिसाव्या ते साठाव्या भागाच्या आसपास वेळ घेतो. म्हणजे देवघरातल्या समईजवळ बसलेली आजी, जेवणाच्या ताटावरची पंगत, अभ्यासाच्या टेबलावर वाकलेले मूल हे सारे फ्लॅशशिवाय, त्या उजेडाचा रंग आणि सावली राखून फोटोत येते. फ्लॅशने पांढऱ्याफटक पडलेल्या चेहऱ्यांचे अल्बम आपल्या सगळ्यांच्या घरी आहेत. त्यांच्याशेजारी असा एक फोटो ठेवून पाहिला, की उघड्या लेन्सचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

शटरच्या वेगाचे आकडे आपल्याला सापडले नाहीत, कारण ते नाहीतच. आपण अ‍ॅपर्चर (लेन्समधल्या प्रकाश सोडणाऱ्या भोकाचा आकार) ठरवायचे आणि वेळ कॅमेऱ्यातल्या विद्युत मंडलाने ठरवायची, अशी या कॅमेऱ्याची विभागणी आहे. ही वेळ सेकंदाच्या पाचशेव्या भागापासून थेट ३० सेकंदांपर्यंत असू शकते आणि तिला ठरीव पायऱ्या नाहीत; उजेडाला जितकी लागेल तितकीच ती होते. बटण अर्धे दाबले की दोनपैकी एखादा दिवा लागतो. पिवळा दिवा लागला तर वेळ सेकंदाच्या तिसाव्या भागापेक्षा लांबणार आहे, तेव्हा हात स्थिर ठेवा किंवा तिपाई घ्या. तांबडा लागला तर उजेड इतका जास्त आहे, की पाचशेवा भागही पुरणार नाही, तेव्हा अ‍ॅपर्चर लहान करा. कोणताच दिवा लागला नाही, तर निर्धास्तपणे फोटो घ्यावा. ज्यांना आकड्यांची सवय नाही त्यांच्यासाठी यापेक्षा सोपी व्यवस्था मला ठाऊक नाही.

फोकस करण्याची रीत मात्र शिकावी लागते. व्ह्यूफाइंडरच्या, म्हणजे पाहण्याच्या खिडकीच्या, मध्यभागी एक पिवळसर ठिपका दिसतो. त्याच्या आत समोरच्या वस्तूची दुसरी प्रतिमा असते, आणि लेन्सचे कडे फिरवले की ती आडवी सरकते. दोन्ही प्रतिमा एकमेकींवर तंतोतंत बसल्या, की फोकस झाला. दोन डोळ्यांनी पाहून आपण जसा अंतराचा अंदाज घेतो, तसाच हा कॅमेरा दोन खिडक्यांतून पाहून अंतर मोजतो. अंधुक उजेडात एसएलआरचा पडदा काळवंडतो, पण इथे तसे होत नाही, कारण आपण लेन्समधून पाहतच नसतो. एक गोष्ट ध्यानात ठेवावी. प्रतिमा आडवी सरकते, म्हणून जुळवायला उभी रेघ लागते. दाराची चौकट, नाकाची कड, चष्म्याची दांडी, सदऱ्याची पट्टी यांवर फोकस चटकन होतो. जिन्याच्या पायऱ्या किंवा आडव्या तारा समोर असतील, तर दोन प्रतिमा कधी जुळल्या ते कळतच नाही. अशा वेळी कॅमेरा क्षणभर उभा धरून फोकस करावा आणि मग फोटोसाठी पुन्हा आडवा करावा. एफ १.७ वर दोन मीटरवरच्या माणसाचा फोटो घेताना सुमारे २० सेंटीमीटर खोलीचाच पट्टा स्पष्ट येतो. त्यातही सर्वांत जवळच्या, म्हणजे ०.८ मीटरच्या अंतरावर तो पट्टा जेमतेम ३ सेंटीमीटरचा उरतो. तिथे डोळ्यावर केलेला फोकस नाकाच्या शेंड्यापर्यंतही पुरत नाही. म्हणून घरात शक्य असेल तेव्हा एफ २.८ वर यावे, असा माझा सल्ला आहे.

आता दोषांकडे वळतो, आणि त्यांतला पहिला मला सर्वांत मोठा वाटतो, कारण तो भर उन्हातच भेटतो. पात्यांचे शटर सेकंदाच्या पाचशेव्या भागाच्या पलीकडे जात नाही. आपल्याकडच्या दुपारच्या स्वच्छ उन्हात ४०० ए.एस.ए.च्या रोलला जवळजवळ एफ १६ च लावावा लागतो. एफ ११ वर आलात की तांबडा दिवा. १०० चा रोल घेतला तरी एफ ८ च्या पुढे फारसे उघडता येत नाही. म्हणजे जी उघडी लेन्स ही या कॅमेऱ्याची शान, तिचा उपयोग दिवसाउजेडी अंगणात होत नाही, आणि मागचे अंगण धूसर करून पुढचा चेहरा उठून दाखवणे जमत नाही. लेन्सपुढे करडे फिल्टर लावावे म्हटले, तर दुसरी अडचण येते. उजेड मोजणारा डोळा लेन्सच्या मागे नसून कॅमेऱ्याच्या दर्शनी पत्र्यावर आहे, त्यामुळे फिल्टर लावल्याचे त्याला समजतच नाही. चौपट प्रकाश अडवणारे फिल्टर १०० च्या रोलवर लावायचे असेल, तर ए.एस.ए.ची चकती हाताने २५ वर आणावी लागते, आणि जीएसएनची चकती २५ च्या खाली जात नाही. तेव्हा रोल निवडतानाच विचार करावा. दिवसभर बाहेर राहायचे असेल तर १०० चा, घरात आणि संध्याकाळी वापरायचा असेल तर ४०० चा. एकच रोल दोन्हीकडे चालवायचा हट्ट धरू नये.

दुसरा दोष असा, की कॅमेऱ्याने ठरवलेली वेळ आपल्याला दिसत नाही आणि बदलताही येत नाही. समुद्राकडे पाठ करून कुणी उभे राहिले, तर मागच्या उजळ आकाशाला भुलून उजेड मोजणारा मीटर वेळ कमी करतो आणि चेहरा काळा येतो. रत्नागिरीत राहून हा प्रसंग आपल्यावर वारंवार येणार. त्यावर उपाय आहे. अशा फोटोपुरती ए.एस.ए.ची चकती ४०० वरून १०० वर आणावी, म्हणजे कॅमेरा चौपट वेळ देईल, आणि फोटो झाल्यावर ती न विसरता पूर्ववत करावी. काही कॅमेऱ्यांत उजेडाची नोंद बटण अर्धे दाबून धरून ठेवता येते, तशी सोय इथे नाही, कारण शटर उघडे असतानाच मोजमाप चालू असते. रंगीत किंवा कृष्णधवल निगेटिव्ह रोल अशा लहानमोठ्या चुका पोटात घालतो. स्लाइडचा रोल मात्र या कॅमेऱ्यात घालू नये.

तिसरी उणीव पाहण्याच्या खिडकीची. आपण पाहतो ती खिडकी आणि फोटो काढते ती लेन्स या दोन वेगळ्या जागा आहेत. जवळच्या वस्तूसाठी आतली चमकती चौकट आपोआप सरकून हा फरक बराचसा भरून काढते, पण चित्राच्या अगदी कडेला काही महत्त्वाचे ठेवायचे असेल तर चार बोटे जागा सोडावी. शिवाय लेन्सवर टोपी असली तरी खिडकीतून सगळे लख्ख दिसते, मीटरही आपल्या डोळ्याने उजेड मोजत राहतो, आणि कॅमेरा कसलीही सूचना देत नाही. माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नात सीमांतपूजनाचे सगळे फोटो मी असे टोपीसकट काढले. ते क्षण पुन्हा आले नाहीत, आणि त्याची खंत आजही आहे. म्हणून रोल भरला, की टोपी घरीच ठेवावी आणि काचेच्या रक्षणासाठी ५५ मिलिमीटर व्यासाचे साधे पारदर्शक फिल्टर लावावे.

जवळून फोटो काढण्याची हौस असेल, तर ती हा कॅमेरा भागवणार नाही. ०.८ मीटरवर फोटोत साधारण ६० बाय ४० सेंटीमीटरचा भाग मावतो. चेहरा आणि खांदे येतील. हातावरची मेंदी किंवा दागिन्याचे नक्षीकाम येणार नाही. सुमारे पाऊण किलो वजन हाही एक दोष सांगतात, पण मला तो तसा वाटत नाही. लांब वेळेला ते वजनच हात स्थिर ठेवते.

राहिला सेल. दुकानदाराचे म्हणणे निम्मे खरे आहे. या कॅमेऱ्यासाठी ५.६ व्होल्टचा पाऱ्याचा सेल होता, आणि पाऱ्याचे सेल पर्यावरणासाठी घातक म्हणून बंद झाले. अमेरिकेत १९९६ च्या कायद्याने त्यांची विक्री थांबली. पण इलेक्ट्रोचे विद्युत मंडल ६ व्होल्टवरही समाधानकारक चालते. ४एलआर४४ नावाचा ६ व्होल्टचा अल्कलाइन सेल बाजारात मिळतो. तो मूळ सेलपेक्षा व्यासाने आणि लांबीने लहान आहे, म्हणून भोवती पुठ्ठ्याची नळी आणि उरलेल्या लांबीत धातूची स्प्रिंग बसवावी लागते. तयार अडॅप्टरही विकत मिळतात. सेल घालण्यापूर्वी कप्प्याचे झाकण उघडून आत पांढरा किंवा हिरवा थर आहे का ते पाहावे. जुना सेल आत राहून गळला असेल तर हा थर असतो. व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने तो पुसून मग जागा कोरडी करावी. सेलशिवायही शटर चालते, पण तेव्हा अ‍ॅपर्चर काहीही असले तरी वेळ सेकंदाचा पाचशेवा भाग एवढीच मिळते. भर उन्हात ४०० च्या रोलवर एफ १६ लावून वेळ निभावते, घरात मात्र नाही.

सेल बसल्यावर रोल न घालता पुढील तपासणी करावी. पाठीमागचे सेल तपासण्याचे बटण दाबले, की वरची फोटोंचा आकडा दाखवणारी खिडकी उजळली पाहिजे. मग कॅमेरा खिडकीबाहेरच्या उन्हाकडे धरून एफ १.७ वर बटण अर्धे दाबावे. तांबडा दिवा लागला पाहिजे. अंधाऱ्या खोलीत एफ १६ वर पिवळा लागला पाहिजे, आणि बटण पूर्ण दाबल्यावर शटर स्पष्टपणे उशिरा मिटताना ऐकू आले पाहिजे. त्यानंतर रोल पुढे सरकवणारा खटका हळू ओढून कान द्यावा. निरोगी इलेक्ट्रोमध्ये या हालचालीत आतून एक ठळक ‘टक्’ ऐकू येते. आत एक लहानसा रबरी तुकडा असतो, जो वर्षानुवर्षांनी विरघळून चिकट होतो किंवा झडून जातो. तसे झाले की हा आवाज बंद होतो आणि वेळ मोजण्याचे काम बिघडते. या मालिकेतल्या कॅमेऱ्यांचा सर्वांत परिचित आजार तो हाच. दुरुस्ती होते, पण वरचा पत्रा काढून आत उतरावे लागते, म्हणून ते काम जाणत्या कारागिराकडेच द्यावे. शटरमध्ये तेल सोडून ‘मोकळे’ करून देणाऱ्याला तो हातही लावू देऊ नये, कारण तेल पात्यांवर पसरते आणि पाती कायमची चिकटतात.

मागचे झाकण उघडल्यावर कडेच्या खाचांत काळा, डांबरासारखा चिकट थर दिसेल. तो मूळचा फोम आहे. तो कुजल्यामुळे आत उजेड शिरून रोलवर लाल पट्टे पडतात. लाकडी काडी आणि स्पिरिटने तो पूर्ण खरवडून काढावा आणि खाचेत काळी लोकर दाबून बसवावी. हे काम घरच्या घरी तासाभरात होते. शेवटी लेन्समधून दिव्याकडे पाहून आत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू आहेत का ते पाहावे. ती बुरशी असते. कोकणातल्या वीस पावसाळ्यांनंतर ती नसेल तर नवलच म्हणायचे. कडेला थोडी असेल तर फोटोत फरक जाणवत नाही. मध्यभागी दाट असेल तर फोटो धुरकट येतात आणि लेन्स उघडून साफ करावी लागते. इथून पुढे कॅमेरा चामड्याच्या पेटीत ठेवू नये, चामडे ओल धरते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा, आणि महिना-पंधरा दिवसांनी बाहेर काढून वापरावा. वापरातल्या कॅमेऱ्याला बुरशी लागल्याचे मी क्वचितच पाहिले आहे.

पुण्याहून एक विद्यार्थी लिहितात : मला फिल्मवर फोटोग्राफी शिकायची आहे. एका विक्रेत्याकडे कॅनोनेट क्यूएल१७ जीथ्री आणि याशिका इलेक्ट्रो असे दोन कॅमेरे आहेत, दोन्ही चालू स्थितीत. कोणता घ्यावा? आणि लेन्स न बदलणारे कॅमेरे गंभीर कामासाठी नसतात, असे माझे मित्र म्हणतात, त्यात कितपत तथ्य आहे?

उत्तर : आपल्याला शिकायचे आहे, म्हणून कॅनोनेट. १९७२ च्या या कॅमेऱ्यात लेन्स ४० मिलिमीटरची, तशीच एफ १.७ ची. पण इथे शटरचे वेग कड्यावर कोरलेले आहेत, सेकंदाच्या चौथ्या भागापासून पाचशेव्यापर्यंत. वेग आपण ठरवायचा आणि अ‍ॅपर्चर कॅमेऱ्याने, किंवा दोन्ही आपणच ठरवायची, अशी मुभा आहे. सेल नसतानाही सगळे वेग चालतात. वेग, अ‍ॅपर्चर आणि ए.एस.ए. यांचे नाते ज्याला मनात पक्के करायचे आहे, त्याने इलेक्ट्रोपासून सुरुवात केली तर वर्षभराने त्याच्याकडे छान फोटो असतील, पण ते कसे आले हे सांगता येणार नाही.

कॅनोनेटचे दोषही सांगतो. दोन्ही गोष्टी आपण ठरवायला घेतल्या, की त्याचा मीटर गप्प होतो. मग उजेडाचा अंदाज स्वतःचा किंवा वेगळ्या मीटरचा. स्वयंचलित स्थितीत उजेड त्याच्या आवाक्याबाहेर गेला, तर शटरचे बटण अडते. हे चुकीपासून वाचवते, पण हवा तो क्षण निसटूही देते. सेलच्या बाबतीत तो इलेक्ट्रोइतका सहनशील नाही. त्याला १.३५ व्होल्टचा पाऱ्याचा सेल लागत असे. त्याच आकाराचा १.५ व्होल्टचा अल्कलाइन सेल घातला, तर वाढलेल्या दाबामुळे मीटरला उजेड आहे त्याहून जास्त वाटतो आणि फोटो काळपट येतात. श्रवणयंत्राचे झिंक-एअर जातीचे ६७५ क्रमांकाचे सेल १.४ व्होल्टचे असतात, ते बारीकशा कड्यात बसवून वापरावेत. वरची चिकटपट्टी काढल्यावर काही आठवड्यांत ते संपतात, पण औषधाच्या दुकानात सहज मिळतात आणि महाग नाहीत. विकत घेण्यापूर्वी सगळ्या वेगांवर शटर चालवून पाहावे, विशेषतः कमी वेगांवर, कारण बरीच वर्षे न वापरलेल्या कॅनोनेटची पाती चिकटलेली असण्याचा संभव मोठा आहे. दुकानदार ‘चालू’ म्हणतो तेव्हा त्याने बहुधा एकाच वेगावर तपासलेले असते.

मित्रांच्या मताविषयी एकच उदाहरण देतो. २० फेब्रुवारी १९६२ रोजी अमेरिकन अंतराळवीर जॉन ग्लेन पृथ्वीप्रदक्षिणेला गेले, तेव्हा त्यांच्याजवळ असलेल्या कॅमेऱ्यांत एक अ‍ॅन्स्को ऑटोसेट होता. तो मुळात जपानच्या मिनोल्टाने बनवलेला हाय-मॅटिक, म्हणजे याच कुळातला, लेन्स न बदलणारा, दुकानात मिळणारा कॅमेरा होता. पक्षी, क्रिकेटचा सामना किंवा फुलाचा परागकण टिपण्यासाठी हे कॅमेरे नाहीत, हे खरे. पण एकाच लेन्सने वर्षभर काम केले, की किती पावले पुढे जायचे आणि किती मागे हे पायांना कळू लागते, व्ह्यूफाइंडर डोळ्याला लावण्याआधीच चौकट दिसू लागते. ते शिक्षण चार लेन्स असलेल्या पिशवीतून मिळत नाही, असे मी अनुभवाने सांगतो.

सोलापूरहून एक वाचक विचारतात : आषाढी वारीत जुना रेंजफाइंडर कॅमेरा नेण्याचा विचार आहे. चालत्या दिंडीत दोन प्रतिमा जुळवत बसणे शक्य होईल का?

उत्तर : जुळवत बसूच नये. इलेक्ट्रोच्या ४५ मिलिमीटर लेन्सवर एफ ८ लावून अंतराचे कडे ३ मीटरवर ठेवले, तर साधारण २.२ ते ४.६ मीटरमधले सगळे पुरेसे स्पष्ट येते. एफ ११ वर ६ मीटरला ठेवले, तर सुमारे ३ मीटरपासून क्षितिजापर्यंत. पावसाळी ढगाळ दिवसात ४०० च्या रोलवर एफ ८ किंवा ११ सहज मिळते, तेव्हा याच दोन जागा कड्यावर पाहून ठेवाव्यात आणि स्वतः अंतर राखून चालावे. चमकत्या चौकटीच्या बाहेरचाही थोडा भाग खिडकीत दिसतो, त्यामुळे पताका किंवा मृदंगाचा हात चौकटीत येण्याआधीच कळतो. एसएलआरमध्ये ही सोय नाही. शिवाय तिथे नेमक्या क्षणी आरसा वर जाऊन समोर काळोख होतो, इथे डोळा तो क्षण पाहतच असतो.

काळजी पाण्याची घ्यावी. इलेक्ट्रोच्या आतली विद्युत जोडणी भिजली, की सुकल्यावरही संपर्क गंजतात आणि दिवे बेभरवशाचे होतात. प्लास्टिकच्या पिशवीला लेन्सपुरते आणि खिडकीपुरते भोक पाडून कॅमेरा तिच्यात घालावा. मात्र दर्शनी पत्र्यावरच्या उजेड मोजणाऱ्या लहान खिडकीवर पिशवीची घडी येऊ देऊ नये, नाहीतर कॅमेरा अंधार समजून वेळ लांबवेल. चालताना बटणाभोवतीचे कडे फिरवून ते बंद ठेवावे, कारण पिशवीत बटण दाबले गेले तर सेल उतरतो. रोल भरल्यावर पहिल्या दोन-तीन फोटोंना खटका ओढताना डाव्या बाजूचा रोल गुंडाळण्याचा खुंटा फिरतो आहे ना, हे पाहावे. तो फिरत नसेल, तर रोलचे टोक आत अडकलेलेच नाही. निघण्यापूर्वी घरी बसून हे पाहिलेले बरे. पालखीच्या गर्दीत झाकण उघडायला आडोसा मिळत नाही.